माडाची वाडी आणि द्राक्षाचा मळा
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक दिली होती. अशी मोकळीक मिळाली म्हणजे मास्तर मनुष्य बहुधा विद्येचे महत्त्व सांगून मोकळा होतो आणि श्रोतेही पाने वाढली जाईपर्यंत शांतपणे ऐकून घेतात. आज आम्ही तसे करणार नाही. आज आम्ही माडीविषयी बोलणार आहोत. पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या भुवया वर गेल्या, त्या आम्हांस दिसल्या. परंतु आमचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे आणि मग वाटल्यास रागवावे, एवढीच विनंती आहे.

आपल्या स्मरणिकेचे जुने अंक आम्ही मुद्दाम काढून चाळले. त्यांत १६७९ साली खांदेरी बेटावर तट उभारून इंग्रजांच्या आरमारास झुंजविणारे मायनाक भंडारी आहेत, आणि ते असावेतच. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले करण्याचा ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले आहेत. तेही आपल्याच ज्ञातीत जन्मले, याचा अभिमान आम्हांसही आहे. डॉक्टर आहेत, वकील आहेत, परीक्षेत पहिल्या वर्गात आलेली मुले आहेत. परंतु पहाटे कमरेला कोयती अडकवून माडावर चढणारा मनुष्य त्या अंकांत एकदाही भेटत नाही. ज्याच्या श्रमावर आपल्या चार पिढ्या जगल्या, त्यास आपण आपल्याच पुस्तकातून उतरवून ठेवले आहे. असे का झाले, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे होता. त्यास चालना मिळाली ती नाशिकास.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याने आम्हांस दिंडोरीकडील एका कुटुंबाचा वाइनचा कारखाना पाहण्यास नेले. आम्ही जन्मभर पाणी आणि चहा यांपलीकडे गेलो नाही, हे आमच्या सौभाग्यवतींच्या माहितीसाठी येथे पुन्हा एकदा नमूद करतो. नदीच्या खोऱ्यातील उतारावर बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी लावलेला मळा होता. ओळीच्या टोकाला गुलाबाचे एकेक झाड होते. शोभेसाठी असेल असे आम्हांस वाटले, मालक म्हणाले, "मास्तर, भुरी रोग वेलीच्या आधी बहुधा गुलाबावर दिसतो, तो आमचा राखणदार आहे." वडील वेलींकडे पाहतात, थोरला मुलगा टाक्यांकडे, सून हिशेब आणि पाहुणे सांभाळते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि जानेवारीपासून पुढे तोडणी, असे त्यांचे वर्ष आहे.

तेथे होत होती ती पांढरी वाइन. चेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ अशी त्या द्राक्षांची नावे आहेत. दोन्ही जाती मूळच्या फ्रान्समधील. ऊन चढण्यापूर्वी, द्राक्ष गार असतानाच तोडणी करतात, देठ काढतात, हलक्या दाबाने रस पिळतात आणि साल लगेच बाजूस करतात. तांबड्या वाइनमध्ये साल रसाबरोबर आंबते, पांढरीत ती आंबू देत नाहीत; मुख्य फरक काय तो एवढाच. मग रस थंड करून एक रात्र निवळू देतात, त्यात किण्व घालतात आणि पोलादी टाकीत पंधरा अंशांच्या आसपास उष्णता राखून दोनतीन आठवडे सावकाश आंबवतात. उष्णता वाढली तर वास उडून जातो. सारी मेहनत तो वास राखण्याची आहे.

हे पाहत असता आमच्या मनात जे आले, ते आम्ही तेथे बोललो नाही, येथे बोलतो. यातले अर्धे काम आमच्या आजोबांस ठाऊक होते.

ज्या मुलांनी माडी काढताना कधी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. माडाची पोय उमलण्यापूर्वीच निवडावी लागते. कोवळी घ्यावी तर रस धरत नाही, जून घ्यावी तर फुटते. तिला वरपासून खालपर्यंत दोरीने आवळून बांधतात आणि रोज हलक्या हाताने, सगळीकडून सारखे, ठोकतात. ठोका जड पडला तर आतला फुलोरा चिरडून कुजतो, हलका पडला तर रस उतरत नाही. काही दिवसांनी टोक कापतात, पोय हळूहळू खाली वाकवतात आणि तिच्या तोंडाशी मडके बांधतात. पुढे रोज सकाळसंध्याकाळ चढून टोकाची कागदासारखी पातळ चकती तासावयाची. एक दिवस चुकला तर तोंड सुकते आणि रस थांबतो. म्हणून या धंद्यास रविवार नाही, दिवाळी नाही, घरात लग्न असले तरी सुट्टी नाही.

आमच्या आजोबांकडे बावीस माड होते. मास्तरकीच्या सवयीने आम्ही हिशेब केला. एक माड सरासरी पंधरा मीटरांचा धरला आणि दिवसातून दोनदा चढ धरला, तर दिवसाचे सहाशे साठ मीटर होतात. समुद्राच्या पातळीपासून आपल्या रायगडाचा माथा सुमारे आठशे वीस मीटर आहे. म्हणजे हा गृहस्थ रोज पाऊण रायगडाहून अधिक चढत असे, तोही पायऱ्यांनी नव्हे, तर खोडाला पाडलेल्या खाचांनी, आणि उतरताना कमरेला रसाचे ओझे असे. आमची आजी त्यांना परत येताना पाहीपर्यंत चुलीवरचे काहीही उतरवीत नसे. माडावरून पडून अपंग झालेली माणसे प्रत्येक आळीत एकदोन असत. हे सारे आम्ही गोड करून सांगत नाही.

आता रसायनाची गोष्ट. माडावरून उतरलेला ताजा रस गोड असतो; त्यात शंभर भागांत बारा ते पंधरा भाग साखर असते. हीच नीरा. परंतु हवेत, मडक्यात, पोयीवर सर्वत्र किण्वाचे सूक्ष्म जीव असतात, ते रस पडता क्षणीच कामास लागतात. काही तासांत रस दुधाळ होतो, फेस येतो आणि त्यात चारपाच टक्के मद्यार्क तयार होतो; ती माडी. आणखी ठेवली की तिचा शिरका होतो. वाइनमध्ये याच जातीचे जीव साखरेचा मद्यार्क करतात. मात्र द्राक्षात साखर अधिक, म्हणून तेथे मद्यार्क बारातेरा टक्क्यांपर्यंत चढतो, आणि गढूळपणा निवळवून, गाळून काढला जातो. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. आमच्या आजोबांना पाश्चर ठाऊक नव्हते. परंतु नीरा गोड ठेवावयाची असेल तर मडक्याला आतून चुना लावावा आणि माडी हवी असेल तर आदल्या दिवसाचे मडके न धुता बांधावे, हे ठाऊक होते. गोव्याकडे पावाचे पीठ आणि सांना फुगविण्यास माडाची सूर वापरीत, तीही याच ज्ञानावर. या ज्ञानास कोणी प्रमाणपत्र दिले नाही एवढेच.

मग एक रस मानाच्या पंगतीस बसला आणि दुसरा दाराबाहेर राहिला, हे कसे झाले? आमच्या मते त्याचे कारण चवीत नाही. ते कायद्यात आहे, आणि थोडेसे आपल्यातही आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. माडी काढावयाची तर सरकारी परवाना, आणि प्रत्येक माडावर कर. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरही निर्बंध घालणारा कायदा आला. सरकारला मद्य बंद करावयाचे नव्हते. त्यावरील उत्पन्न एका हाती गोळा करावयाचे होते. घरोघरी, वाडीवाडीत विखुरलेला धंदा मोजता येत नाही. म्हणून तो मोठ्या मक्तेदारांकडे आणि भट्ट्यांकडे वळविण्यात आला, आणि ज्याच्या मालकीचे चारदोन माड त्यास ते काढणे परवडेनासे झाले. पुढे स्वराज्य आले. १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्यामागील हेतू थोर होता, यात आम्हांस संशय नाही. दारूने मोडलेली घरे आम्ही आमच्या वर्गातील मुलांच्या चेहऱ्यांवर वाचली आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणाच्या डब्यात काय आहे आणि शेवटच्या आठवड्यात काय नाही, हे मास्तरास न सांगता कळते. परंतु त्या एका दिवशी अष्टागरातील कितीतरी कोयत्या आढ्याला टांगल्या गेल्या, हेही खरे. काहींना नीरेचे परवाने मिळाले. पुष्कळ जण मुंबईच्या गिरण्यांत गेले. आमचे काका त्यांतलेच. साच्यावर उभे राहून त्यांचे तळपाय मऊ पडले, असे ते हसत सांगत. ते हसणे आम्हांस लहानपणी कळले नव्हते.

१९६० नंतरच्या दशकात बंदी सैल होत गेली, परंतु धंदा पूर्वीच्या रूपात परतला नाही. मधल्या काळात झाडावर न चढताच, पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखी विषारी रसायने कालवून ताडी विकणारे लोक निघाले. त्यांच्या पापाने खऱ्या रसाचे नाव बदनाम झाले. आणि आपण? आपली मुले शाळेत जाऊ लागली, कचेरीत बसू लागली. 'वडील काय करतात?' या प्रश्नास 'बागायत करतात' असे उत्तर देण्यास आपणच त्यांना शिकविले. त्यात खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

आता दुसरी बाजू पाहा. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावास श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच जाणकारांच्या साहाय्याने फेसाळ वाइनचा कारखाना काढला. पुढे राजीव सामंत नावाचे तरुण अमेरिकेतील नोकरी सोडून नाशिकास, गंगापूर धरणाजवळील आपल्या घरच्या जमिनीवर आले. त्यांनी तेथे १९९७ च्या सुमारास पांढऱ्या वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली पहिली वाइन विकली. आईच्या सुलभा या नावावरून त्या मळ्याचे 'सुला' असे नाव ठेवले. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादनशुल्काची माफी मिळाली. नाशिककडे विंचूर आणि सांगलीकडे पलूस येथे या उद्योगासाठी जागा राखल्या गेल्या. वाइन ही शेतीमालावरील प्रक्रिया आहे, असे शासनाने मानले. मग माडाचा रस हा शेतीमाल नव्हे काय? माड काय गिरणीत तयार होतो? एकाच राज्यात एक रस शेतीखात्याच्या दारातून आत येतो आणि दुसऱ्यास दारूबंदीच्या दारात उभे राहावे लागते, यातील न्याय आम्हांस अद्याप समजलेला नाही.

तरीही नाशिककरांचा आम्हांस मत्सर वाटत नाही, कारण त्यांचेही सारे गोडच झाले असे नाही. नारायणगावचा तो थोरला कारखाना पुढे कर्जाखाली बुडाला. २००८ च्या मंदीनंतर लहान कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, माल उचलण्यास कोणी येईना, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. 'सुला' आज भागबाजारात नोंदलेली मोठी कंपनी आहे. परंतु दिंडोरीच्या त्या कुटुंबाने आम्हांस सांगितले की लहान माणसास तरावयाचे असेल तर त्याने बाटलीबरोबर आपले गाव आणि आपले नाव विकावे. या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

वाचनात आलेले एक उदाहरण सांगतो. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठी, मेल्क आणि क्रेम्स या गावांच्या मधला खोऱ्याचा पट्टा वाखाऊ म्हणून ओळखला जातो. ऑस्ट्रिया देशात तो येतो. उभ्या कड्यांवर, चुना न वापरता दगडावर दगड रचून, म्हणजे आपल्या कोकणी गडग्याप्रमाणेच, बांध घातले आहेत आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांच्या मालकीचे द्राक्षमळे आहेत. तेथेही मुख्यतः पांढरीच वाइन होते. या उभ्या पायऱ्यांवर यंत्र चालत नाही, सारे हाताने करावे लागते. सपाटीवरील स्वस्त मालापुढे हे लोक टिकणे कठीणच होते. त्यांनी काय केले? १९८३ साली मळेवाल्यांनी आपला संघ स्थापिला आणि स्वतःवरच नियम घालून घेतले, की द्राक्ष आमच्याच खोऱ्यातील असेल आणि रसात बाहेरची साखर घालणार नाही. ज्यांचे मळे लहान, त्यांची सहकारी संस्थाही तेथे आहे. २००० साली युनेस्कोने तो सारा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. लक्षात घ्या, वारसा म्हणून केवळ राजवाडे आणि मठ मोजले गेले नाहीत. शेतकऱ्याने रचलेला दगडी बांधही मोजला गेला.

आपल्याकडे आज काय परिस्थिती आहे, ते आपण जाणताच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. अलिबागपासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या आळीत त्या संध्याकाळी कोणी रडले नाही, कारण सारे जण मोजत होते. ज्यांनी लगेच नवी रोपे लावली, त्यांचे माड आता फळास येण्याच्या वयास पोचत आहेत. ज्यांनी लावली नाहीत, त्यांच्याकडे दलाल येऊन गेले. त्याच वर्षी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी आणणारी बोट सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा हा सागरी सेतू उघडला. मुंबई जवळ आली आणि वाडीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, भावांच्या वाटण्या, यांना उत्तर द्यावेच लागते. परंतु ज्या घरांनी वाडी राखली आहे, तेथेही एक अडचण आहे, आणि ती पैशाने सुटत नाही. माडावर चढणार कोण? नारळ पाडण्यास माणूस मिळेना, म्हणून पिकलेला नारळ डोक्यावर पडण्याची वाट पाहणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. भंडाऱ्याच्या वाडीत चढणारा परप्रांतातून आणावा लागतो. ही गोष्ट विनोदाची वाटते, तोवर हसून घ्यावे.

मार्ग आहेत. केरळात कासरगोड येथील मध्यवर्ती संशोधन संस्थेने पोयीला बर्फाची पेटी जोडून नीरा थंडच उतरविण्याची युक्ती काढली आहे. त्यामुळे ती न आंबता, गोड राहते, आणि तिचा गूळ व साखरही करता येते. नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. यंत्रास पाय अडकवावयाचे, कमरेला पट्टा. खाचा पाडणे नको आणि जीवही टांगणीस नको. आमच्या आजीने ते यंत्र पाहिले असते तर तिने चुलीवरचे वेळेवर उतरविले असते. आपल्याजवळ भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे, श्रीवर्धनास सुपारीचे आहे. तेथील अधिकाऱ्यांकडे जाण्यास दिल्लीची वाट धरावी लागत नाही, एस. टी. पुरते.

माडीचे दुकान काढा, असे आम्ही सांगत आहोत असा कोणी अर्थ करू नये. तरुण मुलांच्या हाती पेला देण्यास आम्ही येथे उभे नाही. आमचे मागणे नीरेपासून आरंभ करण्याचे आहे, गुळाचे आहे, शिरक्याचे आहे, आणि जी गोष्ट नाशिकच्या द्राक्षास २००१ साली मिळाली, ती कोकणच्या माडास का मिळू नये, हे शासनास लेखी विचारण्याचे आहे. आजवर आपल्या मंडळाने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले, सभागृहासाठी अर्ज केले. माडासाठी एकही केला नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या वाडीत आज किती माड उभे आहेत, किती फळाचे व किती नवे, याची नोंद द्यावी. म्हणजे सरकारकडे जाताना हातात आकडा असेल. येत्या पावसाळ्यानंतर पाच तरुणांना, आणि इच्छा असल्यास मुलींनाही, यंत्राने चढण्याच्या वर्गास मंडळाच्या खर्चाने पाठवावे. त्यातील एकाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. तिसरे म्हणजे ज्या वृद्धांनी स्वतः माडी काढली, असे मोजकेच गृहस्थ आता राहिले आहेत. त्यांच्यापाशी बसून पोय कशी निवडावी, कशी बांधावी, किती ठोकावी, हे सर्व त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि पुढील स्मरणिकेत छापावे. लिहून घेण्याचे काम आम्ही पत्करतो. आमचे अक्षर बरे आहे.

माडांच्या नोंदीचे कागद दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. ते भरून आज जेवणापूर्वी चिटणिसांकडे द्यावेत. ज्यांना आपल्या माडांची संख्या आठवत नसेल, त्यांनी कागद घरी न्यावा, वाडीत जाऊन मोजावे आणि महिन्याच्या आत पोचता करावा.